फ्युज्जीचं पाणी: पोपचा मुतखडा आणि डोंगरावरचं एक इटालियन गाव

१३०१ साली पोप बोनिफेस आठवा मुतखड्याच्या कळांनी बेजार झाला होता. वर्षभरापूर्वीच त्यानं ख्रिस्ती जगातलं पहिलं जुबिली वर्ष साजरं केलं होतं आणि रोममध्ये यात्रेकरूंची रीघ लागली होती. एवढ्या मोठ्या माणसाला पोटातला खडा मात्र झोपू देत नव्हता. रोमच्या आग्नेयेला आनान्यी हे त्याचं मूळ गाव. तिथं त्याच्यावर कातालान वैद्य आर्नाऊ दे विलानोवा याचा उपचार चालू होता. या वैद्यानं सिंह राशीची सोन्याची मुद्रा घडवली आणि ती पोपच्या कमरेला बांधली. पोपला उतार पडला आणि वैद्याचं नाव झालं.

याच काळात शेजारच्या डोंगरातल्या आंतिकोली गावाहून पोपसाठी एका झऱ्याचं पाणी आणलं जाई. सोन्याची मुद्रा आता फक्त वैद्यकाच्या इतिहासात उरली आहे. पाण्याची कीर्ती मात्र सातशे वर्षं टिकली, आणि इतकी वाढली की १९११ मध्ये गावानं आपलं जुनं नाव टाकून झऱ्याशी जोडलेलं नाव घेतलं. तेच आजचं फ्युज्जी.

रोमपासून साधारण ८० किलोमीटरवर, लात्सिओ प्रांताच्या फ्रोझिनोने जिल्ह्यात, एर्निची डोंगररांगेत हे गाव आहे. उंची साडेसातशे मीटरच्या आसपास. या सगळ्या मुलखाला चोचारिया म्हणतात. आपल्याकडून इटलीला जाणारे बहुतेक लोक रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून परततात आणि त्यात काही वावगं नाही. पण रोममध्ये चार दिवस असतील, तर त्यातला एक फ्युज्जीला द्यावा असं मला मनापासून वाटतं. मात्र जाण्याआधी तिथलं पाणी समजून घ्यायला हवं. नाहीतर बागेत पेला घेऊन फिरणारी माणसं दिसतात आणि हे नक्की काय चाललंय ते उमगत नाही.

इथलं पाणी गार आहे

इटालियन भाषेत अशा ठिकाणांना ‘तेर्मे’ म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्यासमोर वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं येतात, नाहीतर कोकणातली उन्हवरे, तुरळ, राजापूरची ऊन पाण्याची ठिकाणं. इटलीतही तशी ठिकाणं भरपूर आहेत. तोस्कानातल्या सातुर्नियाला गंधकाचं कोमट पाणी उघड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी वाहतं आणि लोक त्यात डुंबतात. फ्युज्जीचं तसं नाही. तिथलं पाणी गार आहे आणि त्याची ख्याती अंघोळीसाठी नाही, पिण्यासाठी आहे. इटलीत पाणी पिण्याच्या उपचाराला स्वतंत्र नाव आहे, ‘कूरा इद्रोपीनिका’, आणि त्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावांची आपापसांत जणू वाटणीच झालेली आहे. क्यांचानोचं पाणी यकृतासाठी, मोंतेकातिनीचं खारट पाणी पोट आणि आतड्यांसाठी, तसं फ्युज्जीचं मूत्रपिंडांसाठी.

पाणी ऊन की गार, हे ते जमिनीत किती खोल जाऊन आलं यावर अवलंबून असतं. जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढत जातं, साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी. पावसाचं पाणी भेगांतून एक-दोन किलोमीटर खाली उतरलं आणि एखाद्या मोठ्या भेगेतून वेगानं वर आलं, की ऊन झरा होतो. खोलवरच्या त्या उष्णतेत खडकातले क्षारही पाण्यात जास्त विरघळतात. फ्युज्जीचं पाणी इतकं खोल जातच नाही. ते वरच्या थरांत झिरपतं, तिथंच रेंगाळतं आणि तिथूनच बाहेर येतं.

आता ते कुठल्या थरांतून झिरपतं, हा खरा मुद्दा आहे. इटलीच्या मध्यभागातून जाणारी आपेनाइन पर्वतरांग बऱ्याच अंशी चुनखडकाची आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळला की ते किंचित आम्लधर्मी होतं, आणि असं पाणी चुनखडक विरघळवत जातं. म्हणून या डोंगरांतून येणारं पाणी जड असतं. रोमच्या नळाला येणारं पाणीही मुख्यतः अशाच चुनखडकातल्या झऱ्यांचं. किटलीच्या आत पांढरा थर धरतो, नळाच्या जाळीवर पुटं चढतात. रोममध्ये चार दिवस एखाद्या घरात राहिलात तर तुम्हालाही ते दिसेल.

फ्युज्जीच्या झऱ्यांच्या भोवती मात्र ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत. लात्सिओ प्रांतात जुने ज्वालामुखी बरेच आहेत. लाखो वर्षांपूर्वी त्यांनी उधळलेली राख साचून, दबून तिचा सच्छिद्र, हलका खडक झाला. त्याला टफ म्हणतात. टफमधून पाणी सहज झिरपतं, गाळलं जातं, पण चुनखडकासारखा तो पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे बाहेर येणारं पाणी हलकं राहतं. झऱ्यांच्या भोवती चेस्टनटची दाट झाडी आहे. कुजलेल्या पानांच्या मातीतून पाण्यात काही सेंद्रिय आम्लं अत्यल्प प्रमाणात उतरतात आणि तीच खड्यांवर काम करतात, असं तिथं बरेचजण मानतात. त्याबद्दल पुढे बोलू.

बाटलीवरचा एक आकडा

इटलीतल्या कुठल्याही दुकानात पाण्याची बाटली घ्या आणि मागचं लेबल वाचा. बारीक अक्षरांत घटकांचा मोठा तक्ता असतो. त्यात एक ओळ शोधा: ‘रेसीदुओ फिस्सो’. एक लिटर पाणी पूर्ण आटवायचं, तळाशी उरलेला गाळ १८० अंश सेल्सिअसला कोरडा करायचा आणि त्याचं वजन करायचं. जे मिलिग्रॅम भरतील तो हा आकडा. पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत, याची ही मोजणी आहे.

युरोपात या आकड्यावरून पाण्याची वर्गवारी करतात. लिटरमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर अत्यल्प क्षारांचं पाणी, ५०० पर्यंत असेल तर अल्प क्षारांचं, आणि १५०० च्या वर गेलं तर क्षारांनी समृद्ध. इटालियन लेबलांवर ५० ते ५०० मधल्या पाण्याला ‘ओलिगोमिनेराले’ म्हणतात. फ्युज्जी याच गटात मोडतं, तेही खालच्या अंगाला: दीडशे मिलिग्रॅमच्या आतच. म्हणजे ज्या पाण्याला आपण ‘मिनरल वॉटर’ म्हणून नावाजतो, त्याचा मोठेपणा त्यातले मिनरल कमी असण्यात आहे. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे बाटलीवर ‘मिनरल वॉटर’ लिहायला लिटरमागे किमान २५० मिलिग्रॅम क्षार लागतात. युरोपात अशी किमान अट नाही. तिथं पाहतात ते वेगळंच: पाणी जमिनीखालच्या स्रोतातलं हवं, मुळातच शुद्ध हवं, त्याचे घटक वर्षभर बदलता कामा नयेत, आणि ते स्रोतापाशीच बाटलीत भरलं पाहिजे.

आपल्याकडे एसटी स्टँडवर ‘मिनरल वॉटर द्या’ म्हटलं की जी बाटली मिळते, तिच्यात बहुधा यंत्रावर शुद्ध केलेलं साधं पाणी असतं. भारतीय मानकांतही नैसर्गिक खनिज पाणी आणि बाटलीबंद पिण्याचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे मानक क्रमांकही वेगळे आहेत. पण बोलण्यात दोन्ही एकच होऊन बसलेत. या गोंधळाचं एक टोक खुद्द इटलीत आहे आणि दुसरं ठाण्यात. फेलिचे बिस्लेरी हा मिलानचा उद्योजक लोहयुक्त टॉनिकसाठी प्रसिद्ध होता आणि उंब्रिया प्रांतातल्या नोचेरा उंब्रा या डोंगरी गावच्या झऱ्याचं पाणीही तो विकत असे. त्याच्याच नावानं १९६५ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पाण्याचा कारखाना निघाला आणि १९६९ मध्ये तो पार्लेच्या चौहान मंडळींनी घेतला. ज्या नावाशिवाय आपला प्रवास होत नाही, ते नाव असं इटलीच्या झऱ्यांच्या धंद्यातून आलेलं आहे.

खडा होतो कसा, आणि पाणी त्याचं काय करतं

मूत्रपिंड रक्त गाळतं आणि नको असलेले क्षार पाण्यासोबत बाहेर टाकतं. क्षार तेवढेच आणि पाणी कमी, अशी वेळ आली की लघवी दाट होते. साखरेच्या पाकात साखर जास्त झाली की पाक निवताना कढईच्या कडेला खडे धरू लागतात, तसंच इथं होतं. आधी डोळ्यांना न दिसणारे स्फटिक, मग त्यावर थरावर थर. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. काही युरिक आम्लाचे, काही जंतुसंसर्गामुळे होणारे. खडा मूत्रपिंडात निवांत पडून असतो तोवर अनेकदा कळतही नाही. तो मूत्रनलिकेत सरकला आणि अडकला की पाठीतून जांघेकडे जाणारी ती कळ येते. ज्यानं सोसली आहे त्याला वर्णन नको, आणि ज्यानं सोसली नाही त्याला ते सांगून कळायचं नाही.

साधारण ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपसूक पडून जातात. पाणी भरपूर प्यालं की लघवी पातळ राहते आणि नवे स्फटिक धरायला वाव कमी मिळतो. ही गोष्ट नीट तपासून दाखवली तीही इटलीतच. पार्मा विद्यापीठात लोरिस बोर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्यांदाच कॅल्शियमचा खडा झालेले १९९ रुग्ण होते. निम्म्यांना दिवसाला २ लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं, उरलेल्यांना तसं काही सांगितलं नाही. पाच वर्षांत पाणी पिणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. औषध कुठलंच नाही, नुसतं पाणी. मुतखड्याच्या बाबतीत डॉक्टर ‘पाणी प्या’ म्हणतात ते सहज जाता जाता दिलेलं वाक्य वाटतं, पण त्यामागे इतका ठोस आधार आहे.

मग फ्युज्जीचंच पाणी हवं, की कुठलंही चालेल? इथं मला गावच्या अभिमानापेक्षा पुराव्याची बाजू घ्यावीशी वाटते. फ्युज्जीच्या पाण्यात ठेवलेल्या खड्यांवर प्रयोगशाळेत परिणाम दिसल्याचे प्रयोग झालेले आहेत. पण भांड्यात खडा पाण्यात बुडवून ठेवणं आणि माणसानं ते पाणी पिणं यांत फार अंतर आहे. प्यालेलं पाणी आतड्यातून रक्तात जातं, शरीरभर मिसळतं, आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतं ते शरीरानं आपल्या हिशेबानं बनवलेलं वेगळंच द्रव असतं. पेल्यातलं पाणी जसंच्या तसं खड्यापर्यंत पोचत नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार झालेला मोठा खडा पाणी पिऊन विरघळवता येतो, असं आजचं वैद्यक मानत नाही. युरिक आम्लाचा खडा औषधांनी लघवीची आम्लता उतरवून विरघळवता येतो, पण तो डॉक्टरच्या देखरेखीखालचा वेगळा उपचार झाला.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कॅल्शियमचा खडा म्हणजे कॅल्शियम वाईट, म्हणून कमी क्षारांचं पाणी चांगलं, दूध बंद, दही बंद, असा हिशेब आपल्या घरोघरी चालतो. तो उलटा आहे. याच बोर्गींच्या गटानं २००२ मध्ये १२० पुरुषांवरचा पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला कमी कॅल्शियमचा आहार दिला. दुसऱ्याला कॅल्शियम नेहमीइतकंच ठेवून मीठ आणि मांसाहार कमी करायला सांगितलं. कमी कॅल्शियम घेणाऱ्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात ६० पैकी १२ जणांना. कारण असं, की अन्नातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि ते रक्तात जाऊ देत नाही. कॅल्शियम तोडलं की ऑक्झलेट मोकळं सुटतं आणि मूत्रपिंडाकडे जातं. म्हणून खडा झाला की आधी लोणचं-पापडाकडे आणि मिठाकडे बघावं, दह्याच्या वाटीकडे नाही.

तर मग फ्युज्जीचं पाणी नुसतं नावापुरतं का? नाही. हलकं पाणी भरपूर पिणं सोपं जातं. क्षारांनी जड झालेलं पाणी दिवसाला दोन-तीन लिटर घशाखाली उतरवणं कठीण. आणि फ्युज्जीनं जी खरी गोष्ट केली, ती म्हणजे पाणी पिणं हेच दिवसाचं काम बनवलं. शहरात कामाच्या गडबडीत संध्याकाळ झाली तरी माणसाची बाटली भरलेलीच राहते. इथं लोक त्यासाठीच येत, बारा-पंधरा दिवस राहत, सकाळ-दुपार ठरल्या वेळी पाणी पीत, झाडांखाली चालत, आणि घरी जाताना बरं वाटून जात. बोर्गींच्या आकड्यांकडे पाहिलं की त्यांना बरं का वाटत असेल ते कळतं.

मायकेलअँजेलोला तर या पाण्याबद्दल काही शंकाच नव्हती. १५४९ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यानं पुतण्या लिओनार्दोला लिहिलेल्या पत्रात कळवलं आहे, की रोमपासून चाळीसेक मैलांवरच्या एका झऱ्याचं पाणी आपण दोनेक महिने पितो आहोत, ते खडा फोडतं, आणि बराचसा खडा लघवीवाटे पडूनही गेला. ते पाणी घरी साठवून ठेवावं लागतं, पिण्याला आणि स्वयंपाकालाही दुसरं चालत नाही, असंही त्यानं लिहिलंय. झऱ्याचं नाव या मजकुरात नाही. पण अंतर जुळतं, आणि फ्युज्जीकर गेल्या कित्येक पिढ्या हे पत्र आपलंच मानत आले आहेत. सेंट पीटर्सच्या घुमटाचं काम अंगावर असलेला म्हातारा शिल्पकार रात्री खड्याच्या कळेनं तळमळतोय आणि गाढवांवरून आलेल्या पाण्याची वाट बघतोय, हे डोळ्यांसमोर आणलं की तो घुमट मला वेगळाच दिसतो.

वरचं गाव, खालचं गाव

फ्युज्जी हे खरं तर दोन गावांचं मिळून झालंय. टेकडीच्या माथ्यावर जुनं मध्ययुगीन गाव आहे, दगडी घरांचं, बोळांचं, पायऱ्यांचं. त्याला फ्युज्जी चित्ता म्हणतात. खाली झऱ्यांभोवती विसाव्या शतकात वसलेलं हॉटेलांचं गाव, ते फ्युज्जी फोंते. वरची वस्ती टेकडीवर का, हे चोचारियात फिरताना लगेच समजतं. जवळजवळ प्रत्येक जुनं गाव उंचावर आहे. खालच्या दरीत हिवताप आणि सैन्यांची ये-जा. पाणी खाली आणि माणसं वर, अशी ही जुनी रचना.

खालचं गाव उभं राहिलं ते बाटलीबंद पाण्याची कीर्ती आणि आगगाडी यांच्या जोरावर. १९१३ मध्ये पालात्सो देल्ला फोंते हे भव्य हॉटेल उघडलं. राजा व्हित्तोरियो एमानुएले तिसरा तिथं राहून गेला. मग पहिल्या महायुद्धाच्या काळात रोमहून अरुंद रुळांची गाडी आली आणि रोमकरांना सकाळी निघून पाणी पिऊन परतता येऊ लागलं. ती गाडी आता फ्युज्जीपर्यंत येत नाही. तिचा रोममधला एक तुकडा तेवढा उरलाय. पोप बोनिफेसचंच इटालियन नाव, बोनिफाचो आठवा, दिलेल्या मुख्य झऱ्याच्या संकुलाला आजचं रूप १९६० च्या दशकात लुइजी मोरेत्ती या वास्तुकारानं दिलं. वॉशिंग्टनचं वॉटरगेट संकुल उभारणारा तो हाच. झाडांमधून पसरलेली त्याची काँक्रीटची वळणदार छतं आधुनिक वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम जाऊन पाहावीत अशी आहेत.

मोठ्या हॉटेलांचं गाव म्हटल्यावर परिषदाही आल्या. जानेवारी १९९५ मध्ये इटलीतल्या नवफॅसिस्ट पक्षानं आपलं जुनं रूप टाकून नवा पक्ष स्थापला, तो फ्युज्जीतच. इटालियन राजकारणात ‘फ्युज्जीचं वळण’ हा शब्दप्रयोग तिथून आला.

गावाची भरभराट आणि नंतरची ओहोटी दोन्ही समजायला इटलीची आरोग्यव्यवस्था माहीत असायला हवी. तिथं झऱ्यांचे उपचार सरकारी आरोग्यसेवेत धरलेले आहेत. डॉक्टरनं लिहून दिलं, तर मान्य आजारांसाठी वर्षातून एकदा, साधारणपणे १२ दिवसांचा उपचार थोडं शुल्क भरून घेता येतो. २००० सालच्या ३२३ क्रमांकाच्या कायद्यानं हे सगळं नीट बांधून दिलं. पण त्याच्या आधीच्या काळात सरकारचा हात बराच सैल होता. नोकरदार, कामगार, निवृत्त माणसं लांब मुक्कामाला येत. तो हात आखडला आणि लोकांच्या सुट्ट्याही लहान झाल्या, तशी कितीतरी हॉटेलं बंद पडली. खालच्या गावात फिरताना काही इमारतींच्या बंद झडपा दिसतात, त्या यामुळे.

गेल्यावर

रोमहून दोन वाटा. मेट्रोच्या ‘अ’ मार्गानं आनान्यीना या शेवटच्या स्थानकावर जायचं आणि तिथून कोत्राल कंपनीची निळी बस पकडायची, ही सरळ. दुसरी, रोमा तेर्मिनीहून आनान्यी-फ्युज्जी नावाच्या स्टेशनपर्यंत आगगाडी. पण नावावर जाऊ नका. स्टेशन खाली दरीत आहे आणि फ्युज्जी तिथून बरंच दूर, वर डोंगरात. पुढे बस लागतेच. झऱ्यांचा हंगाम साधारण वसंतापासून शरदापर्यंत असतो, हिवाळ्यात बागा बंद असतात. म्हणून तारखा ठरवण्याआधी चौकशी करावी.

दोन झऱ्यांचा वापर वेळेनुसार वाटलेला आहे. सकाळी बोनिफाचो, दुपारी आंतिकोलाना. सकाळी उपाशीपोटी आत जायचं, तोटीखाली पेला धरायचा. पेल्यावर माप कोरलेलं असेल तर उत्तमच. पाणी गटागटा प्यायचं नाही. घोट घ्यायचा, चार पावलं चालायचं, पुन्हा घोट. पेला संपला की थोडं थांबून दुसरा. जुने लोक पेला हातात घेऊनच गप्पा मारत चक्कर मारतात. तासाभरात पाणी आपलं काम करू लागतं, आणि म्हणूनच बागेत स्वच्छतागृहं पुरेशी आहेत. परतीच्या बसच्या अगदी आधी दोन पेले रिचवायचा मोह टाळावा. पाण्याला चव म्हणाल तर जवळजवळ नाहीच. मोंतेकातिनीच्या खारट पाण्याशी तुलना केली की या बेचवपणाचंच मोल कळतं. दुपारचा आंतिकोलाना झरा मोठ्या बागेत आहे, तिथं मुलांनाही मोकळं सोडता येतं.

मधल्या वेळेत वरच्या गावात जावं. त्रेंतो ए त्रिएस्ते चौकातून बोळ फुटतात आणि फिरता फिरता अचानक खालची दरी उघडते. गावाचा रक्षक सान ब्याजो, म्हणजे संत ब्लेझ. त्याची गोष्टही पोप बोनिफेसच्याच काळातली. बोनिफेसचं कायेतानी घराणं आणि कोलोन्ना घराणं यांचं हाडवैर होतं. १२९८ मध्ये शत्रूचं सैन्य गावावर चालून आलं, तेव्हा संतानं तटावर खोट्या ज्वाळा दाखवल्या. गाव आधीच जळतंय, आपल्याच दुसऱ्या तुकडीनं ते घेतलंय, असं समजून सैन्य परत फिरलं, अशी लोकांची श्रद्धा. म्हणून २ फेब्रुवारीच्या संध्याकाळी वरच्या गावात लाकडांचे उंच ढीग रचून पेटवतात. त्यांना ‘स्तुत्से’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी संताचा सण. झऱ्यांचा हंगाम नसतो, पण गाव त्या रात्री अगदी आपल्या घरचं असतं.

जेवणात ‘फीनी फीनी’ मागा, अंडं घालून मळलेल्या पिठाच्या अगदी बारीक शेवया. ग्वार्चीनो या शेजारच्या गावचे आमारेत्ती, म्हणजे बदामाची बिस्किटं, प्रसिद्ध आहेत, आणि दारू घेणाऱ्यांसाठी जवळच्याच पील्योची चेझानेझे ही लाल वाइन. शाकाहारी माणसानं चोचारियात शेवया मागवताना रश्श्यात डुकराच्या गालाचं मांस तर नाही ना, हे आधी विचारावं. तिथल्या साध्या दिसणाऱ्या सॉसमध्येही ते असतं.

एक दिवस जास्त असेल तर तो आनान्यीला द्या. पोपच्या वाड्यासाठी तर जायचंच. ७ सप्टेंबर १३०३ ला फ्रान्सच्या राजाची माणसं आणि कोलोन्ना घराण्याचा शार्रा इथं घुसले, त्यांनी पोपला पकडलं. शार्रानं त्याला थोबाडीत मारली अशी आख्यायिका आहे. पोप सुटला, पण महिनाभरातच रोममध्ये वारला. पण त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते कॅथेड्रलखालचं तळघर. तेराव्या शतकातल्या भित्तिचित्रांनी ते भिंतींपासून छतापर्यंत भरलेलं आहे, आणि त्यात संतांच्या जोडीला हिप्पोक्रातेस आणि गॅलेन हे दोन वैद्य समोरासमोर बसून बोलताना दाखवलेत. शेजारी पृथ्वी, पाणी, वायू, अग्नी या तत्त्वांतून माणसाचं शरीर कसं घडतं, याची आकृती. एका चर्चच्या पोटात वैद्यकाला इतकी मानाची जागा मिळालेली आहे. याच गावात काही दशकांनी सोन्याच्या मुद्रेनं पोपवर उपचार झाला, त्यामागची विचारपद्धत या एका भिंतीवर डोळ्यांनी दिसते. त्याच बाजूच्या आलात्रीला चुन्याशिवाय रचलेल्या प्रचंड दगडांचा प्राचीन कोट आहे, तोही वाटेत होतो.

शेवटी तब्येतीबद्दल. मुतखडा होऊन गेलेल्यांनी जरूर जावं, निवांतपणे पाणी प्यावं. पण हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असल्यामुळे ज्यांना डॉक्टरनं पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी झऱ्याशी जाऊन ते माप ओलांडू नये. खडा अडकलेला असताना वेदना, ताप आणि थंडी भरून येणं असं एकदम झालं, तर पाण्यावर विसंबून राहू नका. तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात तासांचा उशीर महागात पडतो. इटलीत तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.